व्हॅनिला मिल्कशेक घरी नीट कसा करायचा: आइसक्रीम, दूध, मिक्सर आणि बाकी सगळं

व्हॅनिला मिल्कशेक म्हटलं की लोक म्हणतात त्यात काय एवढं, आइसक्रीम आणि दूध मिक्सरला फिरवलं की झालं. आणि मग ग्लासात जे येतं ते म्हणजे वर चार बोटं फेस आणि खाली गोड गार दूध. आंब्याच्या शेकमध्ये आंबा सगळं सांभाळून घेतो, चॉकलेटमध्ये कोको सांभाळून घेतो, पण व्हॅनिलात सांभाळून घेणारं कोणी नसतं, तिथे आइसक्रीम हलकं असेल तर कळतं, दूध जास्त झालं तर कळतं, मिक्सरच्या भांड्यात सकाळी लसणाची चटणी वाटली असेल तर तेही कळतं. म्हणून मला हा शेक सगळ्यात आवडतो, आणि म्हणून हे एवढं लांबलचक लिहितेय.

मी सहा वर्षं अमेरिकेत मिलवॉकीला राहत होते. घराजवळ एक जुनं डायनर, म्हणजे साधं छोटं हॉटेल होतं, काउंटरसमोर उंच स्टुलं, आणि समोरच शेक बनवायचं मशीन, एक लांब दांडी आणि तिच्या टोकाला छोटी चकती. तिथला माणूस स्टीलच्या उंच ग्लासात आधी आइसक्रीमचे चार मोठे स्कूप टाकायचा आणि मग दूध इतकं कमी घालायचा की मला पहिल्यांदा वाटलं हा विसरला की काय. मग ग्लास दांडीखाली धरून वर-खाली, वर-खाली, जेमतेम मिनिटभर, तेवढ्यात स्टीलवर बाहेरून पांढरा दहिवरासारखा थर धरायचा. काचेचा ग्लास भरून द्यायचा आणि स्टीलच्या ग्लासात उरलेला शेक तसाच बाजूला ठेवायचा, तोही आपलाच. तो शेक स्ट्रॉने ओढायला जोर लागायचा पण जिभेवर आला की लगेच विरघळायचा, एक कण बर्फाचा नाही. पुण्याला परत आल्यावर तीन उन्हाळे आपल्या साध्या मिक्सरवर हेच जमवायचा प्रयत्न केला आणि आता जमतंय. सगळ्याचं सार एकच आहे, शेक म्हणजे दुधात आइसक्रीम नाही, आइसक्रीमला दुधाने जेमतेम सैल केलेलं असतं. पुढचं सगळं यातूनच येतं.

मिलवॉकीच्या खाली दक्षिणेला रेसीन नावाचं गाव आहे, आणि मिल्कशेकचा अर्धा इतिहास त्या एका गावात घडलाय. १८८५ च्या सुमारास अमेरिकेत मिल्कशेक शब्द छापून यायला लागला तेव्हा त्याचा अर्थ दूध, अंडं आणि व्हिस्की असा होता, आइसक्रीम नव्हतंच. १८८३ मध्ये रेसीनच्या हॉर्लिक बंधूंनी माल्टेड मिल्क पावडरचं, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य आणि दूध यांच्या पावडरचं, पेटंट घेतलं, हो, आपल्या घरात दूध पिताना घालतात ते हॉर्लिक्स याच भावांचं. १९११ मध्ये रेसीनच्याच हॅमिल्टन बीच कंपनीने शेक घुसळायचं विजेचं मशीन बाजारात आणलं. आणि १९२२ मध्ये शिकागोच्या वॉलग्रीन्स या औषधांच्या दुकानात सोडा फाउंटनवर, म्हणजे थंड पेयांच्या काउंटरवर, काम करणाऱ्या आयव्हर कूल्सन यांनी माल्टच्या दुधात व्हॅनिला आइसक्रीमचे स्कूप टाकून दिले, तिथून आज आपण ज्याला शेक म्हणतो तो जाडसर प्रकार सगळीकडे पसरला. पुढे रे क्रॉक नावाचे एक विक्रेते शेकची मशिनं विकायचे, एका मशीनला पाच दांड्या. कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनोच्या एका हॅम्बर्गरच्या दुकानाने अशी आठ मशिनं घेतली, म्हणजे एका वेळी चाळीस शेक, हे काय प्रकरण आहे ते बघायला ते १९५४ मध्ये तिथे गेले आणि ते दुकान मॅकडोनाल्ड बंधूंचं होतं. नंतर क्रॉक यांनीच ते दुकान वाढवत नेलं, म्हणजे मॅकडोनाल्ड्स जगभर पोचलं त्याच्या मुळाशी मिल्कशेकचं मशीन आहे, मला ही गोष्ट फार आवडते.

आइसक्रीम घेताना डबा वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आपल्याकडे फ्रीजरमध्ये शेजारी शेजारी दोन प्रकारचे डबे असतात, एकावर आइसक्रीम लिहिलेलं असतं आणि दुसऱ्यावर फ्रोझन डेझर्ट. फ्रोझन डेझर्टमध्ये दुधाच्या फॅटऐवजी वनस्पती तेल असतं. कपात चॉकलेट सॉस घालून खाताना फारसं जाणवणार नाही पण व्हॅनिला शेकमध्ये शेवटच्या घोटानंतर टाळूला तुपकट थर राहतो, तो त्या तेलाचा. एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नियमाने साध्या आइसक्रीममध्ये दुधाचं फॅट किमान १० टक्के लागतं, त्याहून कमी असेल तर मीडियम फॅट किंवा लो फॅट असं लिहावं लागतं. तर डब्यावर नुसतं आइसक्रीम लिहिलेलं हवं, आणि घटकांच्या यादीत पाम तेल किंवा व्हेजिटेबल फॅट नको.

दुसरी गोष्ट हवा. आइसक्रीम बनवताना त्यात हवा घुसळलेली असते, ती लागतेच, नाहीतर दगड होईल, पण किती हा प्रश्न आहे. नियमाने एक लिटर आइसक्रीमचं वजन किमान ५२५ ग्रॅम हवं, म्हणजे अर्ध्या लिटरच्या डब्यात निदान २६२ ग्रॅम तरी माल पाहिजे. काही कंपन्यांचा तेवढाच असतो, काहींचा ३५० च्या पुढे जातो. घरी काटा असेल तर डबा ठेवून बघा, नसेल तर दुकानात दोन कंपन्यांचे सारख्या मापाचे डबे दोन हातात घ्या, जड कोणता ते हातालाच कळतं. जड घ्या. हलकं आइसक्रीम मिक्सरमध्ये पडलं की हवा निघून जाते, चार स्कूप घातलेले असतात आणि भांड्यात खाली एवढंसं काहीतरी उरतं, मग माणूस घाबरून अजून दूध घालतो आणि तिथेच शेक जातो.

म्हणूनच मी स्कूप मोजत नाही, ग्रॅम मोजते. एका माणसाला २०० ग्रॅम.

मिलवॉकीला फ्रोझन कस्टर्डचं फार वेड आहे, ते म्हणजे अंड्याचा पिवळा बलक घातलेलं, कमी हवेचं आइसक्रीम, आणि त्याचा शेक इतका दाट होतो की चमचा उभा राहतो. अंडं चालत असेल आणि घरी आइसक्रीम करायची हौस असेल तर दूध, साय, साखर आणि बलक मंद आचेवर आटवून ते करून बघा, शेकसाठी त्याच्या तोडीचं काही नाही.

दूध

पिशवीचं दूध घ्या आणि फुल क्रीम घ्या, ६ टक्के फॅटवालं. टोन्डमध्ये ३ टक्के असतं, त्याने शेक होतो पण जिभेवर थोडा कोरडा लागतो. म्हशीचं सुटं दूध येत असेल तर उत्तमच, पण ते उकळलेलंच हवं, त्यात सूट नाही. पिशवीचं दूध पाश्चराइज्ड असतं, पिशवी फुगलेली नसेल, गारच घरी आली असेल आणि लगेच फ्रीजमध्ये गेली असेल तर मी शेकसाठी न उकळता वापरते, कारण उकळलेल्या दुधाला एक शिजल्याचा वास येतो. चहात, खिरीत तो वास छान वाटतो, इथे तो व्हॅनिलावर बसतो. तुम्हाला उकळूनच वापरायचं असेल तर पूर्ण गार करा आणि गाळणीने गाळा. साईचे तुकडे शेकमध्ये फार वाईट लागतात, स्ट्रॉमध्ये अडकतात ते वेगळंच.

दूध मोजायचं. २०० ग्रॅम आइसक्रीमला ६० मिली, म्हणजे साधारण चार चमचे, पण आपल्या पोह्याच्या चमच्याने नाही, मोठ्या मापाच्या चमच्याने. हे वाचून बहुतेकांना वाटेल की एवढ्याने काय होणार, मलाही वाटायचं. पातळ आवडत असेल तर ९० मिलीपर्यंत जा. त्याच्या पुढे गेलात की त्याला गोड दूध म्हणा.

बोस्टनला एकदा मिल्कशेक मागितला तर खरोखर तसंच दूध आलं, सिरप घालून हलवलेलं, आइसक्रीमचा पत्ता नाही. नंतर कळलं की तिकडे जुन्या पद्धतीने मिल्कशेक म्हणजे तेवढंच, आइसक्रीमवाला हवा असेल तर फ्रॅप म्हणायचं. आणि शेजारच्या ऱ्होड आयलंडमध्ये त्यालाच कॅबिनेट म्हणतात.

एक छोटी गोष्ट, पण फरक खूप पडतो. मोजलेल्या दुधात एक मोठा चमचा दूध पावडर आदल्या रात्री किंवा निदान तासभर आधी नीट विरघळवून ठेवा. आपल्याकडच्या बऱ्याच आइसक्रीमला अंग कमी असतं, ते या पावडरने भरून निघतं. माझ्या सासऱ्यांना असा शेक पहिल्यांदा दिला तेव्हा ते म्हणाले, "अगं, हे आटवलेल्या दुधासारखं लागतंय, बासुंदीचा वास नाही पण दाटपणा तोच." अगदी बरोबर ओळखलं त्यांनी.

व्हॅनिला, जिच्या नावाने हे सगळं आहे

व्हॅनिला म्हणजे साधा, काहीच फ्लेवर नसलेला, असं आपण सर्रास म्हणतो आणि मला ते ऐकवत नाही. केशरानंतरचा जगातला सगळ्यात महाग मसाला आहे तो. मूळचा मेक्सिकोचा, एका ऑर्किडची शेंग. ते फूल एकच दिवस उमलतं, आणि मेक्सिकोच्या बाहेर वेल वाढायचा पण शेंग धरायची नाही, कारण परागीभवन करणारं कोणी नव्हतं. १८४१ मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर एडमंड आल्बियस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडीने फुलाच्या आतला पडदा उचलून अंगठ्याने पराग दाबायची युक्ती शोधली. आजही मादागास्करपासून केरळ-कर्नाटकपर्यंत एकेक फूल असंच हाताने फळवतात. आणि हिरव्या शेंगेला तो वास नसतोच, गरम पाण्यातून काढून, घोंगडीत गुंडाळून घाम आणून, उन्हात वाळवून महिनोन् महिने सांभाळल्यावर तो वास उतरतो.

आता घरच्या वापराचं. दुकानात पंचवीस-तीस रुपयांत मिळतं ते इसेन्स, त्यात प्रयोगशाळेत बनवलेलं व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाचा मुख्य वास देणारं रसायन असतं, ही युक्ती १८७४ पासूनची आहे. ते वाईट नाही, फक्त एकसुरी आहे आणि जास्त पडलं की कडवट लागतं. एका ग्लासाला पाव छोटा चमचा, बस. खरं एक्स्ट्रॅक्ट म्हणजे शेंगा दारूत मुरवलेला अर्क, अमेरिकन नियमाने त्यात किमान ३५ टक्के अल्कोहोल असतं, ज्यांना चालत नाही त्यांनी शेंग आणावी. शेंग महाग असते पण एका शेंगेत चार-पाच ग्लास होतात. उभी चिरा, सुरीच्या पाठीने आतले काळे बारीक दाणे खरवडा, ते आणि शेंग दोन्ही कोमट दुधात टाकून झाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी शेंग काढा, धुऊन वाळवून साखरेच्या डब्यात खुपसून ठेवा, साखर दोन-तीन महिने घमघमते.

आइसक्रीममध्ये आधीच व्हॅनिला असते मग वरून कशाला, असं विचारतात. गार पदार्थाची चव जिभेला कमी लागते आणि शिवाय आपण दूध घालून ती पातळ करतोय, म्हणून थोडी वरून लागते. इसेन्स असो की एक्स्ट्रॅक्ट, दुधातच आधी घालून ठेवायचं, मिक्सर फिरताना वरून ओतलं की एका घोटात भसकन लागतं आणि दुसऱ्यात काहीच नाही. आणि मीठ, दोन बोटांच्या टोकात येईल त्याच्याही अर्धं. मीठ लागलं नाही पाहिजे, फक्त गोडी जरा उठून आली पाहिजे. साखर अजिबात नको.

मिक्सरची गोष्ट

डायनरचं मशीन घुसळतं, आपला मिक्सर वाटतो. खरा फरक हा आहे. आपल्या ७५० वॉटच्या मिक्सरचं पातं रिकामं असताना मिनिटाला अठरा हजार फेऱ्यांच्या घरात फिरतं, इडलीचं पीठ आणि ओलं खोबरं वाटायला बनलेलं आहे ते, आणि त्या वेगाने आइसक्रीम तापतं. अर्धा मिनिट सलग फिरवलात की शेक वितळलाच समजा. त्यात वरून साय किंवा क्रीम घातलं असेल तर चक्क लोणी धरतं. माझं धरलं होतं एकदा, पहिल्याच उन्हाळ्यात, दाट व्हावा म्हणून अर्धी वाटी क्रीम घातलं आणि मिनिटभर फिरवत बसले, तर झाकणाला आतून पिवळसर बारीक कण आणि शेक खाली पाण्यासारखा. ताकाचं जे होतं तेच झालं, शास्त्रच आहे ते.

म्हणून मिक्सर फक्त झटक्याने वापरायचा, बटण उलट्या बाजूला फिरवून दोन सेकंद, सोडायचं, पुन्हा दोन सेकंद.

आणि वास. भांडं घासून चकचकीत असलं तरी झाकणाची रबरी रिंग काढून नाकाजवळ धरा. जिरं, लसूण, ओलं खोबरं, सगळं त्या रिंगमध्ये बसलेलं असतं, आणि दुधाचं फॅट तो वास लगेच ओढून घेतं. रिंग काढून गरम पाण्यात खायचा सोडा घालून तासभर बुडवून ठेवा, मग लिंबाच्या सालीने चोळा आणि उन्हात वाळवा. तरी वास राहिला तर नवीन रिंग आणा, भांड्यांच्या दुकानात स्वस्तात मिळते, आणि ती फक्त गोड पदार्थांच्या भांड्याला ठेवा. पातं जिथे बसतं त्या खाचेत पण वाटणाचा कण अडकलेला असतो, जुन्या टूथब्रशने काढा.

मिक्सर नकोच असेल तर हँड ब्लेंडर चांगला, उभ्या स्टीलच्या भांड्यात. आणि खरं सांगू का, एका ग्लासापुरतं करायचं असेल तर आपली लाकडी रवी. आइसक्रीम नरम असेल तर उभ्या पातेल्यात दोन्ही तळव्यांमध्ये रवी फिरवून दीड-दोन मिनिटांत अतिशय सुरेख शेक होतो, न तापता, आणि डायनरच्या त्या दांडीच्या सगळ्यात जवळ जाणारं आपल्या घरातलं हत्यार तेच आहे. फक्त ताकाची रवी नको, तिला आंबूस वास असतो, वेगळी ठेवा.

आता करायला घ्या

दोन ग्लासांचं सांगते. ४०० ग्रॅम आइसक्रीम, १२० मिली दूध त्यात दोन मोठे चमचे दूध पावडर विरघळवलेली, अर्धा छोटा चमचा इसेन्स किंवा पाऊण चमचा एक्स्ट्रॅक्ट, चिमटीभर मीठ.

सुरू करायच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी मिक्सरचं भांडं, दोन ग्लास आणि दूध फ्रीजरमध्ये ठेवा. काचेचे ग्लास जाड हवेत, पातळ काच तडकते, स्टीलचे असतील तर काळजीच नाही. दुधाच्या कडेला बर्फाची पातळ पापडी धरायला लागली की ते बरोबर झालं. शेवटची दहा-पंधरा मिनिटं उरली की आइसक्रीमचा डबा फ्रीजरमधून काढून खाली फ्रीजमध्ये ठेवा, ओट्यावर नाही. घरच्या फ्रीजरमध्ये उणे १८ अंशाला आइसक्रीम इतकं कडक असतं की मिक्सरला जास्त फिरावं लागतं, आणि ओट्यावर ठेवलं तर बाहेरून पाणी आतून दगड, आपल्या एप्रिल-मेमध्ये तर पाच मिनिटांत. खाली फ्रीजमध्ये दहा-पंधरा मिनिटांत ते सगळीकडून सारखं नरम होतं. चमचा थोडा दाबल्यावर आत गेला पाहिजे, आपोआप नाही.

भांड्यात दूध आधी, मग आइसक्रीमचे गोळे. डायनरवाला उलटं करायचा पण त्याची दांडी वरून येते, आपलं पातं खाली आहे, त्याला पकडायला खाली काहीतरी पातळ हवं. दोन सेकंदांचे तीन झटके द्या, झाकण काढा, लांब चमच्याने कडेचं मध्ये ढकला, पुन्हा दोन किंवा तीन झटके. एकूण बारा-पंधरा सेकंदांच्या वर जाऊ नका. एखादी सुपारीएवढी गाठ राहिली तर राहू दे, ती ग्लासात विरघळते आणि तोवर शेक गार ठेवते. भांडं तिरकं केल्यावर शेक धारेने न पडता लपकन पडला पाहिजे.

बर्फ घालू नका. दुकानांमध्ये घालतात कारण स्वस्त पडतं, पण बर्फाने शेक आधी रवाळ होतो आणि मग पाणचट.

पातळ झालाच तर पुन्हा मिक्सरला लावू नका, त्याने अजून पातळ होईल. एक-दोन स्कूप नरम आइसक्रीम घालून चमच्याने हाताने ढवळा आणि भांडं पाच-सात मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा. फार दाट झाला तर एकेक चमचा दूध. वर फेस जास्त आला म्हणजे आइसक्रीम हवेचं होतं किंवा फिरवलं जास्त, फेस चमच्याने काढून टाका, पुढच्या वेळी दोन झटके कमी.

हा शेक जमला की त्यात हॉर्लिक्स घालून बघा, साधं माल्टचं, फ्लेवरवालं नको. दोन ग्लासांना तीन मोठे चमचे, दूध पावडरच्या ऐवजी, आधीच दुधात नीट मोडून. भाजलेल्या धान्यासारखी एक खमंग चव येते, अमेरिकेत त्याला माल्ट म्हणतात आणि मेन्यूवर शेकच्या शेजारी वेगळा लिहिलेला असतो. मला स्वतःला आता साध्या शेकपेक्षा हाच जास्त आवडतो.

वरून क्रीम हवं असेल तर लक्षात ठेवा, छोट्या खोक्यात मिळणारं २५ टक्के फॅटचं फ्रेश क्रीम कितीही फेटलं तरी उभं राहत नाही, निदान ३० टक्के लागतं, व्हिपिंग क्रीम लिहिलेलं दुधाचंच घ्या. केकवाल्यांकडचं पांढरं टॉपिंग बहुतेक वेळा वनस्पती तेलाचं असतं, मग वर जी टाळूला चिकटायची तक्रार सांगितली तीच पुन्हा. लाल चेरी लावायची पद्धत आहे, पण आपल्याकडे बेकरीच्या सामानात मिळणारी चेरी पुष्कळदा पाकात मुरवून रंगवलेलं करवंद असतं. चवीला छानच लागतं ते, कोकणातली माणसं ओळखतील.

आपली पुण्याची मस्तानी याच घराण्यातली, दाट शेक आणि वर आइसक्रीमचा गोळा, चमच्याने सुरू करायची आणि ग्लासाने संपवायची. डायनरच्या शेकवर गोळा नसतो, तो आत गेलेला असतो. पण ती स्टीलच्या ग्लासात उरलेला शेक टेबलावर आणून ठेवायची पद्धत मी घरी चालू ठेवलीये. काचेच्या ग्लासात अर्धा ओतायचा, बाकीचा स्टीलच्या तांब्यात झाकून फ्रीजरमध्ये, दहा मिनिटांनी पहिला संपला की दुसरा तितकाच गार मिळतो. स्ट्रॉ जाड घ्या, बारीक स्ट्रॉने गाल दुखतात, आणि तांब्यात तळाशी राहतं ते लांब चमच्याने खरवडून खा, तिथे सगळ्यात दाट असतं.